कोपर धरायचं असतं, मनगट नाही

आमच्या मामाला रस्ता क्रॉस करून द्यायला जो कोणी पुढं येतो त्याच्यावर मामा खेकसतो, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं वाचताना तुम्हाला वाटेल काय हा खडूस माणूस. मामा म्हणजे आईचा शेंडेफळ भाऊ, माझ्याहून चौदाच वर्षांनी मोठा, त्यामुळं अहो-जाहो कधी केलंच नाही. मिरजेत असतो. अकराव्या-बाराव्या वर्षापासून दिवेलागणीला त्याला दिसेनासं व्हायचं, घरात सगळे रातांधळेपणा म्हणायचे आणि गाजरं खायला घालायचे, मग बऱ्याच वर्षांनी कळलं की तो रेटिनायटिस पिगमेंटोसा नावाचा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे आणि गाजराचा त्याच्याशी काही संबंध नाही, तोपर्यंत बिचाऱ्यानं पोत्यानं गाजरं खाल्ली होती. नजर कडेकडेनं मिटत गेली, म्हणजे आधी बाजूचं दिसायचं बंद, मग नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं, आणि पस्तिशीपर्यंत नळीपण बंद. एका साखर कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होता, रिटायर होऊनही आता पंधरा वर्षं झाली.

तर खेकसण्याचं कारण असं की लोक मनगट धरतात. धरतात आणि ओढतात. चांगल्या मनानंच ओढतात, पण मामाचं म्हणणं, "मी काय बैल आहे का, कासरा धरून न्यायला?" एकदा तर एका भल्या माणसानं त्याला स्टेशन रोड क्रॉस करून दिला आणि मामाला क्रॉस करायचाच नव्हता, तो आपला रिक्षाची वाट बघत उभा होता. खरी पद्धत उलटी असते. न दिसणाऱ्यानं दुसऱ्याचं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागं राहून चालायचं, म्हणजे पुढचा वळला, थांबला, पायरी चढला की ते कोपरातून आपोआप कळतं, बोलावं पण लागत नाही. हे मला चाळीशीत कळलं. म्हणजे तोपर्यंतची सगळी वर्षं मीपण मनगटच ओढत होते, आणि मामा मला काही बोलला नाही, कारण भाची. मामी मात्र पहिल्यापासून बरोबर करायची. ती बुटकी होती, म्हणून कोपराऐवजी मामा तिचा खांदा धरायचा, आणि दोघं बाजारातून अशी चालायची की अनोळखी माणसाला वाटावं नवीन लग्न झालेलं जोडपं आहे.

आता कुत्र्यांकडं येते.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेले, पार्सिपनीला. पार्सिपनीत काय मिळत नाही विचारा, डिंकाच्या लाडवाचा डिंक, खारका, अळीव, सगळं दहा मिनिटांवर. तिथून मॉरिसटाऊन गाडीनं पंधरा-वीस मिनिटं. गावाच्या मध्यभागी मोठी हिरवळ आहे, तिला ग्रीनच म्हणतात, आणि बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा लेक म्हणाली घरात बसून डोकं फिरायची वेळ आलीय, चल. बाबागाडी ढकलत चाललो होतो तर समोरून एक मुलगी आली, तिच्या डाव्या हाताला लॅब्रॅडॉर, कुत्र्याच्या अंगावर चामड्याचा हार्नेस आणि त्याला वर आलेला एक कडक दांडा, तो तिनं धरलेला. मी मनात म्हणलं, अरेरे, एवढी तरुण पोर, आणि हिला दिसत नाही. तेवढ्यात ती आमच्या बाळाकडं बघून हसली.

ती ट्रेनर होती. मॉरिसटाऊनच्या कडेला 'द सीइंग आय' नावाची संस्था आहे, आंधळ्या माणसांसाठी कुत्री तयार करणारी अमेरिकेतली सगळ्यात जुनी शाळा, आणि या गावाचे फुटपाथ म्हणजे तिचे वर्ग. सकाळी दोन तास गावात हिंडा, दहा तरी कुत्री दिसतील. मला तर नादच लागला. जावई ऑफिसला त्याच बाजूला जायचा, मी म्हणायचे मला ग्रीनपाशी सोड, येताना उचल. लेक म्हणायची आई तू नातवासाठी आलीस का कुत्र्यांसाठी.

एक दिवस जे बघितलं ते सांगते. एक ट्रेनर आणि एक जर्मन शेफर्ड, चौकात फुटपाथच्या कडेला येऊन थांबले. कुत्रं आपणहून थांबलं, पुढचे दोन्ही पाय बरोबर काठावर. ट्रेनरनं बुटानं काठ चाचपला, कुत्र्याला शाबासकी दिली, मग तो नुसता उभा राहिला. बराच वेळ. गाड्यांचा आवाज ऐकत होता हे मला नंतर कळलं. मग म्हणाला, "फॉरवर्ड." कुत्रं दोन पावलं उतरलं आणि एकदम खिळा ठोकल्यासारखं थांबलं, थांबलं म्हणजे मागं रेललंच, कारण एक करड्या रंगाची गाडी वळणावरून त्यांच्या नाकासमोरून गेली. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. ट्रेनरनं कुत्र्याचं एवढं कौतुक केलं की शेपटीनं त्याची पँट झाडून निघाली. मी त्या गाडीवाल्याला मराठीतून चार शिव्या घातल्या. पुढच्या चौकात गेले तर तीच करडी गाडी, तसंच वळण घेऊन परत त्यांच्याच समोर! संध्याकाळी जावयाला सांगितलं तर तो हसायला लागला, म्हणाला आई, ती गाडी शाळेचीच असते, मुद्दाम आडवी घालतात, शिकवायला. माझ्या शिव्या फुकट गेल्या.

त्या रात्री मामाला फोन लावला. तिथं रात्रीचे साडेआठ म्हणजे मिरजेत सकाळचे सहा, मामा चहा घेत असतो. सगळं सांगितलं. मामाचा पहिला प्रश्न, "सिग्नल हिरवा झाला हे कुत्र्याला कसं कळतं?"

हा प्रश्न सगळ्यांना पडतो, मलाही पडला होता, आणि उत्तर ऐकून सगळे खट्टू होतात. कळत नाही. कुत्रं सिग्नल बघतच नाही. कुठं जायचं, किती चौक झाले, डावीकडं कधी वळायचं, कधी क्रॉस करायचं, हे सगळं माणसानं ठरवायचं. आपल्या बाजूनं जाणाऱ्या गाड्या एकदम सुटल्या की तो आवाज ओळखायचा आणि म्हणायचं, चल. कुत्र्याचं काम मधल्या भानगडी टाळायचं, खड्डा, खांब, उघडं मॅनहोल, सायकल. बँकेत घेऊन चल म्हणलं की बँकेत नेलं असं काही नसतं. रोजची दारं त्याला पाठ होतात ते सोडा.

मामा म्हणाला, "म्हणजे डोकं मीच लावायचं."

"हो."

"मग ठीक आहे."

त्याच्या आवाजावरून मला कळलं की त्याला हे आवडलंय. मी मग दुसरं सांगितलं, जे मला स्वतःला सगळ्यात भारी वाटलं होतं. या कुत्र्यांना आज्ञा मोडायला शिकवतात. माणूस म्हणाला चल, पण गाडी येतेय, किंवा समोर प्लॅटफॉर्म संपतोय, तर कुत्र्यानं हलायचं नाही. कितीही म्हणा, हलायचं नाही. साध्या कुत्र्याला बस, ऊठ, चल शिकवणं सोपं, पण ऐकायचं केव्हा आणि ऐकायचं नाही केव्हा हे शिकवायला महिनेच्या महिने जातात, कारण उगीच सारखं नाही म्हणणारं कुत्रंही कामाचं नाही आणि सारखं हो म्हणणारं तर जीवच घेईल.

फोनवर मामा एवढा हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "अगं, तुझी मामी दुसरं काय करायची? मी म्हणायचो चल, चल, आता रस्ता मोकळाय, मला ऐकू येतंय, तर ही बया रस्त्याच्या मधोमध उभी! आणि मी वैतागणार तेवढ्यात कानाजवळनं बुलेट जायची."

मामी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्यानंतर आमचं ठरूनच गेलं, दर एक-दोन दिवसांनी मामाला कुत्र्यांचा रिपोर्ट. मॉरिसटाऊनच्या ग्रीनवर एक पुतळा आहे, एक माणूस आणि त्याच्या शेजारी हार्नेस घातलेलं जर्मन शेफर्ड, 2005 मध्ये बसवलाय. माणूस मॉरिस फ्रँक आणि कुत्री बडी. (हो, कुत्री. नाव बाप्याचं असलं तरी बडी मादी होती, तिचं मूळ नाव किस होतं, आणि चारचौघात 'किस, किस' म्हणून हाका मारत हिंडायची वेळ येणार म्हणल्यावर वीस वर्षांच्या पोरानं ते लगेच बदललं.) हा मॉरिस टेनेसीतल्या नॅशव्हिलचा. सहा वर्षांचा असताना घोड्यावरनं जाताना झाडाची फांदी लागून एक डोळा गेला, आणि सोळाव्या वर्षी बॉक्सिंग खेळताना दुसरा. 1927 च्या नोव्हेंबरमध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात लेख आला, स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या डोरोथी युस्टिस नावाच्या बाईंचा. त्या लष्करासाठी आणि पोलिसांसाठी जर्मन शेफर्ड तयार करायच्या, आणि जर्मनीत युद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांना कुत्री देतात ते त्यांनी पॉट्सडॅमला जाऊन बघितलं होतं. जर्मनीत हे पहिल्या महायुद्धातच, 1916 ला ओल्डनबर्गमध्ये सुरू झालेलं, गेरहार्ड श्टॅलिंग नावाच्या डॉक्टरनं. गोष्ट अशी सांगतात की तो एका आंधळ्या सैनिकाबरोबर फिरत होता, कोणीतरी बोलावलं म्हणून आपलं कुत्रं त्याच्याजवळ सोडून गेला, आणि परत येऊन बघतो तर कुत्रं त्या माणसाला सांभाळून घेतंय. खरं-खोटं देव जाणे, पण शाळा मात्र निघाली.

वडिलांनी मॉरिसला तो लेख वाचून दाखवला. त्यानं बाईंना पत्र लिहिलं, मला शिकवा, मी इकडं येऊन बाकीच्यांना शिकवीन. बाई म्हणाल्या ये. आता हा एकटा कसा जाणार, तर 1928 मध्ये त्याला चक्क एका कंपनीच्या ताब्यात पार्सलसारखं देऊन बोटीनं युरोपला पाठवलं. बोटीवर ठरल्या वेळी केबिनमधून काढायचं, डेकवर फिरवायचं, परत आत ठेवायचं. जूनमध्ये बडीला घेऊन तो न्यूयॉर्कला उतरला तेव्हा बंदरावर पेपरवाले जमलेले, त्यांना खात्री करून घ्यायची होती, म्हणाले हा समोरचा वेस्ट स्ट्रीट क्रॉस करून दाखव. रुंदच्या रुंद रस्ता, ट्रक, घोडागाड्या, टॅक्स्या, आणि याला तो रस्ता केवढा आहे हेसुद्धा माहीत नाही. बडी थांबत, सरकत, मागं येत, परत पुढं जात त्याला पलीकडं घेऊन गेली. त्यानं बाईंना स्वित्झर्लंडला तार केली, एकच शब्द: सक्सेस.

मामा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "गेला पार्सल होऊन, आला माणूस होऊन."

1929 च्या जानेवारीत नॅशव्हिलला शाळा सुरू झाली आणि दोनच वर्षांत न्यू जर्सीला हलवली, कारण तिकडच्या उकाड्यात कुत्र्यांना वर्षभर शिकवणं जमेना. हे मी सांगितलं आणि मामा लगेच म्हणाला, "मग त्यांना मिरजेचा एप्रिल दाखव."

दुकानातला किस्सा सांगितलाच पाहिजे. आपल्या लोकांचंच एक किराणा दुकान, नाव नको. मी आणि लेक बिलाच्या लाइनीत. एक गोऱ्या साठीच्या बाई आल्या, काळं लॅब्रॅडॉर, हार्नेस. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅम, नो डॉग्ज." मागच्या दोन बायका पदर सावरून लांब झाल्या. त्या बाई अजिबात चिडल्या नाहीत, आपण रिक्षावाल्याला पत्ता सांगतो तितक्या सरावानं म्हणाल्या की ही गाइड डॉग आहे, आणि कायद्यानं तुम्ही मला दोनच गोष्टी विचारू शकता. 1990 चा अपंगांसाठीचा कायदा आहे तिकडं, त्यात हे दोन प्रश्न चालतात: हे कुत्रं अपंगत्वामुळं लागतं का, आणि त्याला काय काम शिकवलंय. कागद दाखवा म्हणता येत नाही, तुम्हाला झालंय काय असंही विचारता येत नाही. पोरगा आत जाऊन मालकाला घेऊन आला, मालकांना कायदा माहीत होता, ते सॉरी सॉरी म्हणाले आणि स्वतः जाऊन बाईंना हवे होते ते पापड आणि गरम मसाला काढून दिला.

पण मी बघत होते कुत्र्याकडं. बासमतीच्या पोत्यांना टेकून ते खाली बसलं होतं आणि फरशीवर कोणाच्या तरी पुड्यातनं सांडलेली शेव, त्याच्या नाकापासून वीतभर. नाकपुड्या हलल्या. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळेची एक तार खाली आली. एकदा शेवेकडं बघितलं, एकदा बाईंच्या बुटाकडं, आणि मान पंजांवर टेकवून मोठ्ठा सुस्कारा सोडला. मला इतकं भरून आलं की हात आपोआप त्याच्या डोक्याकडं गेला, लेकीनं धरलाच, "आई, हात लावू नकोस, ड्युटीवर आहे तो." हार्नेस अंगावर असताना हात लावायचा नाही, बोलवायचं नाही, खायला तर मुळीच द्यायचं नाही, कारण त्याचं लक्ष हललं की पाय माणसाचा मोडणार. बाईंना आमचं मराठी कळलं नाही पण काय झालं ते कळलं, हसल्या. मी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. बाहेर आल्यावर लेक म्हणाली ते खरं असेलच असं नाही, बरेच जण लोकांना खोटं नाव सांगतात, नाहीतर रस्त्यानं जाणारा येणारा हाका मारत बसतो.

त्याच देशात दुसरं टोकपण बघितलं. परत येताना नेवार्क एअरपोर्टवर एका बाबागाडीत बसलेलं, जाकीट घातलेलं, दिसेल त्याच्यावर भुंकणारं बोटभर कुत्रं. जाकिटावर सर्व्हिस डॉग. असली जाकिटं ऑनलाइन मिळतात म्हणे. विमानात सोबतीचं कुत्रं म्हणून काहीही घेऊन जायचे लोक, शेवटी 2021 पासून तिकडच्या विमान कंपन्यांवरची असली जनावरं घ्यायची सक्ती काढली, आता शिकवलेल्या सर्व्हिस डॉगलाच तो हक्क. पण भुर्दंड पडतो तो खऱ्यांना, एक खोटं कुत्रं कुणाला चावलं की पुढच्या खऱ्याकडं संशयानं बघतात. टॅक्सीवाले तर थांबतात, कुत्रं बघतात आणि निघून जातात. मामाला हे सांगितलं तर म्हणाला यात नवीन काय, धर्मराज कुत्रं घेऊन आला तेव्हा इंद्रानंपण रथात घेत नाही म्हणून सांगितलंच होतं.

बारशाच्या सुमारास मला आणखी एक कळलं. लेकीच्या घरी नावावरून रणकंदन चाललेलं, आमच्या व्याह्यांनी पत्रिका करून आणली होती आणि नावरस अक्षर निघालं 'ढ'. आता ढ वरून काय ठेवणार पोराचं नाव! तर ग्रीनवर भेटणाऱ्या एका बाई, त्या पिल्लं सांभाळतात, त्यांनी सांगितलं की सीइंग आयमध्ये एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावं एकाच अक्षरावरून ठेवतात. म्हणजे त्यांच्याकडंपण नावरस अक्षर! ही पिल्लं सात-आठ आठवड्यांची झाली की अशा एकेका घरी देतात. घरच्यांनी त्याला वर्ष-सव्वा वर्ष वाढवायचं, शी-शू शिकवायची, दुकानात, लायब्ररीत, गर्दीत, पावसात न्यायचं, लिफ्टची, फटाक्यांची भीती घालवायची, आणि मग एक दिवस शाळेची गाडी येते आणि घेऊन जाते. त्यापुढं चारेक महिने ट्रेनरबरोबर. सगळी पास होत नाहीत. एखादं खारीमागं पळतं, एखाद्याला गाड्यांची धास्ती बसते, ती मग घरी पाळली जातात किंवा दुसऱ्या कामाला लागतात. या बाईंनी आठ पिल्लं अशी वाढवून दिली होती. रडू येत नाही का विचारलं. म्हणाल्या दर वेळी, गाडी वळेपर्यंत थांबते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडते. मी त्यांच्याकडं बघत राहिले, कारण विमानतळावर लेकीला पाठवून आल्यावर मीपण अगदी तिथंच जाऊन रडले होते, ओट्याशी.

ज्याला कुत्रं हवं तो माणूस शाळेत येऊन साडेतीन-चार आठवडे राहतो. आधी कुत्रं देतच नाहीत. ट्रेनर स्वतः हार्नेसचं पुढचं टोक धरतो, माणूस दांडा धरतो, आणि ट्रेनर कुत्रं होऊन त्याला रस्त्यानं फिरवतो, याला जुनो वॉक म्हणतात. माणूस किती भरभर चालतो, केवढी ओढ झेपते, आवाज कसा आहे, हे बघून मग जोडी ठरते. एक-एक कुत्रं तयार करायला हजारो डॉलर जातात, पण पहिल्या कुत्र्याला घेतात 150 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 50, आणि सैन्यातून आलेल्याला 1. इंग्लंडमध्ये नाममात्र 50 पेन्स. फुकट देत नाहीत, मुद्दाम. मामाला हे फार पटलं. फुकट दिलेल्या वस्तूचा उल्लेख देणारा जन्मभर करतो, हा त्याचा अनुभव.

डोळ्यांचंच असतं असं नाही बरं का. लायब्ररीत व्हीलचेअरवरचा एक कॉलेजचा मुलगा असायचा, त्याच्याबरोबर गोल्डन रिट्रीव्हर. त्याचं लायब्ररी कार्ड खाली पडलं. गुळगुळीत फरशी, पातळ कार्ड, कुत्र्याच्या ओठाला ते लागेना, नाकानं ढकलत ढकलत टेबलाच्या पायापर्यंत नेलं, पायाला अडवून कड वर केली, दातात धरलं आणि पुढचे पाय मुलाच्या मांडीवर ठेवून हातात दिलं. थुंकीनं बरबटलेलं. मुलानं पँटला पुसलं आणि वाचायला लागला, जसं काही झालंच नाही. मी आजूबाजूला बघितलं, कोणीच बघत नव्हतं. असली कुत्री दाराला बांधलेली दोरी ओढून दार उघडतात, मोजे ओढून काढतात, दिव्याचं बटण दाबतात. ऐकू न येणाऱ्यांची वेगळी, ती बेल वाजली, बाळ रडलं की येऊन पंजा मारतात आणि आवाजाच्या दिशेनं घेऊन जातात. शुगर एकदम उतरली की वासावरून ओळखणारीही असतात, ते ऐकून मी माझ्या गोळ्यांच्या डबीकडं बघितलं.

शेवटी मी मामाला विचारलंच, तुला आवडलं असतं का असं कुत्रं.

म्हणाला, आवडून काय करू. दत्ताकडं चार आहेत, दर पौर्णिमेला वाडीला जाऊन बघतो, म्हणजे ऐकतो. मग एकेक मोजायला लागला. आपल्याकडं ही कुत्री तयार करणारं कोण आहे सांग, हाताच्या बोटावर मोजण्याइतकीसुद्धा दिसत नाहीत. समजा आलं. आपल्या गल्लीत सात कुत्री आहेत, त्यांच्या हद्दीतून हे शहाणं लॅब्रॅडॉर मान खाली घालून कसं जाणार, फाडतील त्याला. (यात तथ्य आहे, तिकडंसुद्धा दुसऱ्या कुत्र्यानं हल्ला केला की गाइड डॉग इतकं बिचकतं की कधीकधी कामातूनच जातं.) बरं, ते फुटपाथच्या काठावर थांबतं म्हणतेस, तर आधी मला काठ दाखव. मेमध्ये डांबरावर त्याचे पाय भाजणार. एसटीत कंडक्टर घेणार नाही. "मला कुत्रं नको गं, त्यांनी फुटपाथवरच्या मोटरसायकली काढल्या तरी बास."

फक्त एका गोष्टीचा त्याला हेवा वाटला. पांढऱ्या काठीला कमरेच्या वरचं काही कळत नाही. खालचा दगड, पायरी, गटार कळतं, पण उभ्या टेम्पोतून बाहेर आलेल्या सळया, उघडी खिडकी, हे थेट तोंडावरच. मामाच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक आडवी खूण आहे, डेअरीच्या अलीकडच्या दुकानानं पुढं काढलेल्या पत्र्याची, सहा टाके पडले होते. या कुत्र्यांना मालकाची उंची धरून चालायला शिकवतात. कुत्रं स्वतः आरामात खालून जाईल अशी फांदी असली तरी ते थांबतं किंवा वळसा घालतं, कारण वरच्या माणसाला ती लागेल. मी हे सांगितल्यावर पलीकडून काहीच आवाज आला नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "त्याला कसं कळतं गं, माझं डोकं कुठं आहे ते?" शिकवतात, म्हणलं. फांदीपाशी नेऊन थोपटून दाखवतात, परत परत. "हं," म्हणाला.

मी निघायच्या आठवडाभर आधी त्यानं स्वतःहून फोन केला, तो कधी करत नाही. इकडचं तिकडचं बोलला, बाळ पालथं पडतं का विचारलं. मग म्हणाला, "आणि ते कुत्रं म्हातारं झालं की?"

आठ-नऊ वर्षं काम करतात, म्हणलं. मग रिटायर. काही जण घरीच ठेवतात, काहींना ज्यांनी लहानपणी वाढवलं तेच परत नेतात. आणि माणूस नवीन कुत्रं आणायला परत शाळेत जातो. त्या मॉरिस फ्रँकनं तर पुढच्या सगळ्या कुत्र्यांचं नाव बडीच ठेवलं.

"आणि जमतं?"

"सुरुवातीला जड जातं म्हणतात. जुन्याची सवय असते ना, तो किती ओढायचा, कुठं थांबायचा."

"बरोबर आहे," मामा म्हणाला. मी पटकन बाळाच्या पालथं पडण्याचा विषय परत काढला.

जानेवारीत मिरजेला गेले. पहाटे सहाला मामा पिशवी घेऊन दूध आणायला निघाला, मीपण चप्पल घातली. मी कोपर पुढं केलं, त्यानं धरलं, दुसऱ्या हातात काठी. थंडी होती, गल्लीत दिवा बंद, मला चार हातांवरचं दिसत नव्हतं. अर्ध्या गल्लीत त्यानं माझं कोपर जरा मागं ओढलं.

"काय झालं?"

"काळ्या असतो इथं."

खरंच होता. वाळूच्या ढिगाला लागून मुटकुळं करून झोपलेला, मी त्याच्या शेपटीवर पाय ठेवायचीच बाकी होते. मामानं काठी दोनदा हळू आपटली, काळ्यानं एक डोळा उघडला, उठला, आळस दिला, आणि आम्हाला वाट देऊन परत तिथंच पडला. पुढं डेअरीच्या अलीकडच्या दुकानापाशी मामा चालता चालता मान खाली घालून वाकला. तो पत्रा दुकानदारानं दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलाय.

"अरे, तिथं आता काही नाही," मी म्हणलं.

"माहितीये," मामा म्हणाला, "वाक."

मी वाकले.